कॅज्युअल्टीचा कागद आणि डिमेन्शिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्याच्या जुन्या नोंदी वाचून मेंदूच्या आजारांचा अभ्यास करतो असं सांगितलं की लोकांना वाटतं, स्कॅन आणि रक्ततपासण्या बघत असणार. प्रत्यक्षात आमचा बराचसा वेळ कॅज्युअल्टीतले कागद वाचण्यात जातो. रात्री अडीचला, घाईत, उभ्याउभ्या लिहिलेले कागद. त्याबद्दल लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्नांचा क्रम ठरवलेला नाही, कानावर आले तसेच आहेत.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, तर वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. त्याचा कॅज्युअल्टीशी काय संबंध?

वाढतो हळूहळू, पण घराबाहेर पहिल्यांदा दिसतो तो बऱ्याचदा एका रात्रीत. आजी बाथरूममध्ये पडतात. आजोबा चाळीस वर्षं जात असलेल्या देवळातून परत येताना रस्ता चुकतात आणि कुणीतरी रिक्षात घालून आणतं. कुणी साखरेची गोळी घेतल्याचं विसरून पुन्हा घेतं आणि घामाघूम होऊन पडतं. घरच्यांनी दोन वर्षं "वय झालं आता" म्हणत सांभाळून घेतलेलं त्या रात्री पहिल्यांदा कागदावर येतं.

दुसरी बाजूही आहे. डोक्याला मार, पक्षाघाताचा झटका, साखर एकदम खाली जाणं हे सगळं कॅज्युअल्टीच्या दारातूनच आत येतं आणि पुढे मेंदूवर त्याची छाया राहू शकते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण यांच्या जोडीला डोक्याची दुखापतही आहे. या सगळ्यांवर जन्मभर नीट काम झालं तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे.

म्हणजे या एका टेबलावर आजाराचं कारणही नोंदवलं जातं आणि आजाराची पहिली चाहूलही. कुठली नोंद कारणाची आणि कुठली चाहुलीची, हे ओळखणं हाच या कामातला खरा ताप.

त्या कागदावर नेमकं असतं काय?

एक नमुना सांगतो. हा कुणा एकाचा कागद नाही, पण असे ढिगाने असतात.

वर नाव, वय ७०, पुरुष, पत्ता अर्धवट, आणणाऱ्याचं नाव "मुलगा". खाली: "घरी पडले, रात्री ११. एलओसी नाही. उलटी एकदा. ईएनटी ब्लीड नाही. केसीओ डीएम, एचटीएन." एलओसी म्हणजे शुद्ध हरपणं, ईएनटी ब्लीड म्हणजे कान-नाक-घशातून रक्त, केसीओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, डीएम म्हणजे मधुमेह, एचटीएन म्हणजे उच्च रक्तदाब. पुढे नाडी, बीपी, साखर. मग जीसीएस १५/१५. शेवटी "सीटी ब्रेन प्लेन" आणि एक गिरगटलेली सही.

या सगळ्यात आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबतो ते जीसीएसपाशी. ग्लासगोच्या टीजडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडलेली ही शुद्धीची मोजपट्टी (ग्लासगो कोमा स्केल) डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देते. बोलण्याचे पूर्ण गुण ५. माणूस बोलतोय पण गोंधळलेला आहे, तर ४. डोक्याचा मार किती गंभीर हे ठरवताना १५ आणि १४ मध्ये फार फरक पडत नाही, म्हणून घाईत १५ लिहिलं जातं. "आज वार कोणता, आपण कुठे आहोत" हे विचारलेलं असतंच असं नाही. आमच्या दृष्टीने मात्र सगळा अभ्यास त्या एका गुणात बसलेला असतो.

आणि एक गोष्ट जवळजवळ कधीच नसते: हे गृहस्थ गेल्या महिन्यात कसे होते? जमाखर्च बघत होते, की लेकीचं नाव विसरत होते?

"ऑल्टर्ड सेन्सोरियम" लिहिलंय. म्हणजे डिमेन्शियाच ना?

नाही. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की याचा फलक लावावा असं वाटतं.

आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत हे दोन शब्द सर्रास वापरतात. अर्थ एवढाच की शुद्ध-भान नेहमीसारखं नाही. त्यामागे मेंदूज्वर असेल, सोडियम कमी झालं असेल, दारू असेल, साखर असेल, मेंदूत रक्तस्राव असेल. नातेवाईक म्हणतात "संध्याकाळपासून बरळतायत", आणि कागदावर उतरतं "इरेलेव्हंट टॉक". जुनी माणसं याला "वातात बडबडतोय" म्हणायची. वैद्यकात याचं नाव डिलिरियम. काही तासांत किंवा दिवसांत येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो, लक्ष एका जागी टिकत नाही, आणि मूळ कारण सापडलं तर बहुतेकदा ओसरतो. डिमेन्शिया महिन्या-वर्षांच्या चालीने येतो आणि सहसा मागे फिरत नाही.

पण दोघांचं नातं घट्ट आहे. मेंदू आधीच पोखरला गेला असेल तर साध्या लघवीच्या संसर्गानेही डिलिरियम होतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या इस्पितळांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. ६५ वर्षांवरच्या, डिमेन्शियाचं निदान नसलेल्या रुग्णांच्या ५५,२११ जोड्या लावल्या, एकाला डिलिरियम झालेला आणि दुसऱ्याला नाही. डिलिरियम झालेल्यांमध्ये पुढे डिमेन्शियाचं निदान होण्याचा धोका सुमारे तिप्पट निघाला, आणि डिलिरियम जितक्या वेळा झाला तितका तो वाढत गेला.

अडचण अशी की डिलिरियम ओळखलाच जात नाही. बडबड करणारा, सलाइन उपसणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. गुपचूप पडून राहिलेल्या आजी "शांत आहेत, झोपल्यात" म्हणून सुटतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात आपत्कालीन विभागात आलेल्या डिलिरियमच्या ज्येष्ठ रुग्णांपैकी चारात तीन डॉक्टरांच्या नजरेतून सुटले होते. जे ओळखलंच नाही ते नोंदीत कुठून येणार?

असं संशोधन झालंय का कुठे मोठ्या प्रमाणावर?

डेन्मार्कचं उदाहरण घ्या. तिथे १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एकच क्रमांक आहे, इस्पितळांची राष्ट्रीय नोंदवही १९७७ पासून आहे, आणि १९९५ पासून आपत्कालीन विभागातल्या भेटीही तिच्यात येतात. या शिदोरीवर २०१८ मध्ये सुमारे २८ लाख लोकांचा अभ्यास झाला. त्यातल्या सुमारे १ लाख ३२ हजार जणांना कधी ना कधी डोक्याला इस्पितळात नोंद होण्याइतका मार लागलेला होता. त्यांच्यात डिमेन्शियाचा धोका इतरांपेक्षा २४ टक्के जास्त निघाला. पाच किंवा जास्त वेळा मार लागलेल्यांमध्ये तो पावणेतीन पटीच्या पुढे गेला.

या अभ्यासाचा मला आवडणारा भाग वेगळाच आहे. त्यांनी डोक्याला मार लागलेल्यांची तुलना हाड मोडलेल्यांशीही केली. पडणारा, अपघात होणारा माणूस मुळातच वेगळा असू शकतो. नुसतं "पडला" आणि "न पडला" असं मोजून चालत नाही. "डोक्यावर पडला" आणि "हातावर पडला" असं मोजावं लागतं. फरक तरीही टिकला.

इंग्लंडने २०१७ पासून आपत्कालीन विभागांसाठी नवा नोंदसंच सुरू केला. त्यात तक्रार, निदान, दुखापत सगळं ठरावीक संकेतांकांत भरतात. पण निदानाच्या रकान्यात "पडले" एवढंच भरून मोकळं होण्याची सवय समुद्रापलीकडेही आहे.

पडल्यामुळे डिमेन्शिया होतो, की डिमेन्शियामुळे माणूस पडतो?

दोन्ही. आणि एका कागदावरून सांगता येत नाही.

डेन्मार्कच्याच आकड्यांत बघा: मार लागल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत डिमेन्शियाचा धोका चौपट दिसतो, मग उतरत जातो. मार लागून सहा महिन्यांत अल्झायमर (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) तयार होत नाही. याचा सरळ अर्थ, त्यातले बरेच जण आधीपासूनच आजारी होते. तोल, नजर, अंदाज चुकायला लागला म्हणून पडले, इस्पितळात आले, तपासणी झाली आणि निदान लागलं.

अमेरिकेतही मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींवरून दुखापत झालेल्या २४ लाखांहून जास्त ज्येष्ठांचा असा अभ्यास झाला. पडून जखमी झालेल्यांपैकी १०.६ टक्के लोकांना वर्षभरात डिमेन्शियाचं निदान झालं. इतर दुखापती झालेल्यांच्या तुलनेत, बाकीच्या गोष्टी जमेस धरूनही, धोका २१ टक्क्यांनी जास्त. म्हणून म्हातारपणी घरात पडलेल्या माणसाचं हाड जोडून घरी पाठवणं हे अर्धंच काम झालं, असं आता बरेच जण म्हणतात. तरुणपणी लागलेल्या माराचा हिशेब वेगळा. तिथे मार आणि आजार यांच्यात तीस-चाळीस वर्षांचं अंतर असतं, त्यामुळे उलट्या संबंधाची शंका कमी राहते.

माझा मुलगा बाइकवरून पडला होता, टाके पडले. त्याला पुढे डिमेन्शिया होणार का?

बहुधा नाही. "२४ टक्के जास्त" म्हणजे शंभरात चोवीस जणांना होतो असं नव्हे. दर शंभरात जितक्यांना तसाही झाला असता, त्यात साधारण पाव भर. एकदा लागलेल्या किरकोळ माराने रात्रीची झोप उडवून घेऊ नका. हेल्मेट मात्र खरंच घ्यायला लावा, पट्टा लावून. हँडलला अडकवलेलं हेल्मेट हँडलचंच रक्षण करतं.

महाराष्ट्रात एवढी मोठी सरकारी इस्पितळं आहेत. इथे डेन्मार्कसारखा अभ्यास का होत नाही?

कारणं बरीच आहेत. मला टोचणारी सांगतो.

पहिलं, कागद टिकत नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने भरती रुग्णाची कागदपत्रं किमान तीन वर्षं ठेवायची. डोक्याचा मार आणि डिमेन्शिया यांच्यात तीस वर्षं जातात. पोलिसांशी संबंधित म्हणजे एमएलसीचे कागद जास्त जपले जातात, बाकीचे गठ्ठे जागेअभावी जातात. पावसाळ्यात ओल लागून एकमेकांना चिकटलेले केसपेपर मी सोडवत बसलो आहे. सुटतात, पण शाई पलीकडच्या पानावर जाते.

दुसरं, माणूस जुळत नाही. तोच रुग्ण पुन्हा आला की नवा केसपेपर, नवा नंबर. बाईचं नाव एकदा माहेरचं, एकदा सासरचं, एकदा नुसतं "पार्वतीबाई". वयं सगळी साठ, पासष्ट, सत्तर, कारण विचारणारा आणि सांगणारा दोघंही अंदाजच करतात. जन्मतारखेवरून जुळवावं म्हटलं तर एका पिढीतले असंख्य लोक १ जूनला जन्मलेले! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. तिच्यावर आमची संगणकाची जुळवाजुळव अक्षरशः डोकं आपटते. आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा चौदा अंकी क्रमांक सगळीकडे लागला तर हे सुटू शकेल, पण तो पुढच्या नोंदींपुरता. मागचं मागेच.

तिसरं, निदानच कमी. देशभरातल्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन केलेल्या लासी-डॅड या पाहणीवरून साठीपुढच्या भारतीयांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज निघाला. इतकी माणसं दवाखान्याच्या कागदांत शोधायला जा, सापडत नाहीत.

काहीच होत नाही असंही नाही. २०१३ ते २०१५ या काळात मुंबईतलं केईएम आणि शीव, दिल्लीचं एम्सचं ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एक इस्पितळ यांनी मिळून सुमारे १६ हजार जखमींच्या नोंदी शिस्तीत गोळा केल्या. पण तो अभ्यास माणूस जगला की नाही यासाठी होता. तीस दिवसांपुढे कुणी कुणाच्या मागावर नव्हतं.

संगणकाला हे कागद वाचायला लावता येत नाहीत का?

छापील किंवा टाइप केलेले, हो. हस्ताक्षरातले, अर्धे. खरा घोळ नकाराचा आहे. "एलओसी नाही" यातला "नाही" सुटला की शुद्धीत असलेला माणूस बेशुद्ध ठरतो. काही डॉक्टर नकारासाठी फक्त आडवी रेघ मारतात. रेघ आणि डाग यातला फरक मलाही दर वेळी कळत नाही.

दुखापतीचं कारण लिहिलेलं असतं, ते तरी खरं असतं ना?

सांभाळून. एमएलसी झाली की पोलीस येणार, जबाब होणार, बॉडी घरी न्यायला उशीर होणार अशी भीती लोकांच्या मनात पक्की बसलेली असते. मग गाडीने उडवलेला माणूस "घसरून पडला" होतो आणि मारहाण झालेली सासू किंवा सून "बाथरूममध्ये पाय घसरला" म्हणते. संशोधनात "घरी पडले" हा गट मोजताना आम्हाला हे माहीत असावं लागतं.

तसंच दारूचं. "दारूचा वास" असं एकदा लिहिलं की पुढचं कुणी बघत नाही. बरळणं दारूच्या खात्यात जमा. खरं तर दारू पिणाऱ्याच्या मेंदूलाच जास्त धोका, दारूमुळेही आणि पडण्यामुळेही.

मग कोण या नोंदींत येतच नाही?

पाड्यावरचा म्हातारा, ज्याला मांत्रिकाकडे किंवा हाडवैद्याकडे नेलं. घरात पडलेली, हळद लावून खाटेवर निजवलेली आजी. खाजगी दवाखान्यात गेलेला, ज्याचा कागद तो घरी घेऊन गेला. आणि रस्त्यावरच गेलेला. भरपूर नोंदी असलेलं गाव आजारी आणि नोंदी नसलेलं गाव निरोगी, असा निष्कर्ष काढणारे लेख वाचले आहेत. त्यातून फक्त दवाखाना कुठे आहे ते कळतं.

माझे कागद वापरताना मला विचारलं होतं का?

जुन्या नोंदींच्या बाबतीत बहुतेकदा नाही, आणि ते दर वेळी बेकायदा असतंच असं नाही. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, ओळख काढून टाकलेल्या जुन्या नोंदींवरच्या, किमान धोक्याच्या अभ्यासाला नैतिकता समिती संमतीची अट शिथिल करू शकते. समितीने करायचं, संशोधकाने स्वतःच नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संशोधन आणि आकडेवारीला सूट आहे. पण ठरलेली मानकं पाळली पाहिजेत आणि त्या माहितीवरून त्या व्यक्तीविषयी कुठलाही निर्णय घेता कामा नये. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

कायद्यात बसतं म्हणजे लोकांना पटतं असं नाही. इंग्लंडमध्ये सगळ्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी एकत्र करायची केअर डॉट डेटा नावाची योजना लोकांना नीट न सांगता रेटली, ओरड झाली आणि २०१६ मध्ये ती गुंडाळावी लागली. २०१८ पासून तिथे कुणालाही "माझी माहिती संशोधनाला नको" असं एकदाच कळवता येतं. आपल्याकडे तसं साधं दार असावं असं माझं मत आहे. काही लोक बाहेर पडतील, आकडे थोडे लंगडे होतील, चालेल.

नाव काढलं की ओळख गेली, नाही का?

नाही गेली. लतन्या स्वीनी या संशोधिकेने दाखवलं होतं की अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना फक्त पिनकोड, लिंग आणि जन्मतारीख यांवरून वेगळं ओळखता येऊ शकतं. आपल्याकडे तर त्याहून सोपं. "लक्ष्मीपूजनाच्या रात्री माडीवरून पडलेले ८४ वर्षांचे गृहस्थ" एवढं छापलं तर अख्ख्या तालुक्याला कळतं कोण ते. म्हणून तारखा सरकवतात, वय पाच-पाच वर्षांच्या गटात टाकतात, आणि पाचापेक्षा लहान आकडा अनेक ठिकाणी छापतच नाहीत. मोकळ्या मजकुरातली नावं सगळ्यात त्रासदायक. मुलाचं, शेजाऱ्याचं, आणणाऱ्या हवालदाराचं नाव ओळीच्या मध्येच लिहिलेलं असतं.

कॅज्युअल्टीत मेंदूची तपासणी करायला वेळ असतो का?

दोन मिनिटं लागतात. एडिनबरामध्ये तयार झालेली फोर एटी नावाची चाचणी आहे: रुग्ण जागरूक आहे का, वय, जन्मतारीख, ठिकाण, साल सांगतो का, महिने उलटे म्हणतो का, आणि हा बदल अलीकडचा आहे का. चार किंवा जास्त गुण आले की डिलिरियमचा संशय घ्यायचा.

आता हे आपल्या आजीला विचारा. जन्मतारीख तिला माहीत नाही, वय "दुष्काळ पडला तेव्हा मी परकरी होते" असं सांगते. डिसेंबरपासून उलटे महिने? ती फाल्गुन, माघ, पौष असे घडाघडा म्हणेल, नाहीतर वार उलटे म्हणेल, आणि तीही लक्ष टिकण्याचीच परीक्षा आहे. हरयाणातल्या बल्लभगडला नव्वदच्या दशकात निरक्षर लोकांसाठी हिंदीत स्मरणचाचणी बसवली गेली ती याच कारणाने. न शिकलेल्याला विसराळू ठरवणारी चाचणी नोंदीत भरली तर पुढचा सगळा अभ्यास वाकडा जातो.

नातेवाईक म्हणून मी काय करू शकतो?

आत शिरताना डॉक्टर विचारतील "काय झालं?" त्याचं उत्तर द्याच, पण एक वाक्य न विचारता जोडा: "परवापर्यंत हे स्वतः बाजारात जाऊन हिशेब आणत होते," किंवा "गेलं वर्षभर हे पैसे मोजताना चुकतात, दोनदा रस्ता चुकले." आणि म्हणा, "साहेब, हे लिहून घ्या." सिस्टरना सांगितलंत तरी चालेल, कधीकधी त्यांच्याच वहीत ते नीट उतरतं. गोळ्यांची पाकिटं पिशवीतून आणा. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी विसरू नका. ऐकू न येणारा माणूस गोंधळलेला दिसतो आणि तसंच लिहिलं जातं.

घरी जाताना कागदपत्रांची प्रत मागा. २००२ च्याच नियमांप्रमाणे मागणी केल्यावर ७२ तासांत द्यायला हवी. मग ती एका फोल्डरमध्ये, तारखेप्रमाणे, रेशनकार्डाशेजारी ठेवा. दवाखान्याचा गठ्ठा गेला तरी तुमचा राहील.